खिडकीची मूठ

पुनरुत्थानाच्या सणानंतर धर्मगुरूने घरोघरी जाऊन घरे आशीर्वादित करावीत, ही आपल्याकडील जुनी प्रथा वाचकांच्या परिचयाची आहे. फादर येणार म्हणून पायऱ्या धुतल्या जातात, पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागते, मुलांना स्वच्छ कपडे चढविले जातात आणि सोप्यातील खुर्चीवर ठेवणीतली चादर पसरली जाते. परंतु या भेटीचे एक वैशिष्ट्य असे की, इतर पाहुणा सोप्यातूनच माघारी वळतो, तर पवित्र पाण्याचे भांडे घेऊन आलेल्या धर्मगुरूला माजघर, स्वयंपाकघर, धान्याची खोली, इतकेच काय पण अडगळीची खोलीही वर्ज्य नसते. घरधनीण कितीही संकोचली तरी प्रार्थना प्रत्येक खोलीत व्हावयाचीच. त्यामुळे शेजाऱ्यालाही जे दिसत नाही ते आमच्या दृष्टीस पडते.

गेली काही वर्षे माझ्या दृष्टीस सर्वांत अधिक जर काही पडले असेल, तर त्या मोडक्या मुठींच्या खिडक्या. झडप उघडण्या-लावण्यासाठी जी मूठ असते, जिला आपण सारे हँडल म्हणतो, ती कुठे अर्धी तुटलेली, कुठे एकाच स्क्रूवर लोंबकळणारी, कुठे समूळ नाहीशी झालेली. एका घरी तिच्या जागी सुतळी, दुसऱ्या घरी विजेच्या तारेचा तुकडा, तिसऱ्या घरी चौकोनी भोकात खुपसलेला चमच्याचा दांडा. एके ठिकाणी तर झडप आतून खिळे मारून कायमची बंद केलेली. एका वर्षी मी कुतूहल म्हणून अशा खिडक्या मोजावयास लागलो आणि पहिल्या वाड्यातच मोजणे सोडून दिले.

ही हसण्यासारखी गोष्ट आहे, असे कोणास वाटेल. मलाही वाटे. धर्मगुरूने आत्म्याविषयी लिहावे, मुठीविषयी काय लिहावयाचे! परंतु ती खिळे मारलेली खिडकी ज्या खोलीची होती, त्या खोलीची हकिगत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

त्या खोलीत सत्तरी ओलांडलेले एक वृद्ध गृहस्थ खाटेवर पडून होते. खोकला कित्येक महिन्यांचा. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून क्षय असल्याचे ठरले होते आणि औषध सुरू होऊन जेमतेम दुसरा आठवडा लागला होता. घर लहान. रात्री सून आपल्या दोन मुलांना घेऊन त्याच खोलीत निजे; धाकटे मूल चार वर्षांचे. खोलीला खिडकी एकच, आणि ती तीन पावसाळे बंद. आत शिरताच कोंदट वास नाकाशी आला. मी विचारले, ही खिडकी उघडत का नाही? सूनबाई म्हणाली, "उघडतो की फादर, पण परत लागायला नको काय? हँडल मोडलंय तिचं. उघडी राहिली तर पाऊस आत येतो, रात्री मांजर शिरतं. म्हणून ह्यांनी खिळे मारून टाकले बघा." खाटेवरून आजोबांनीही तिचीच बाजू घेतली. "असू दे फादर, मला वारा सोसत नाही."

या उत्तरात दोष काढण्याजोगे काही नव्हते. खानापूर तालुक्यातील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, विशेषतः मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीच्या अंगाचा, त्यांना हे सहज समजेल. जी खिडकी नीट लावता येत नाही, ती उघडण्याचे धैर्य कोणासच होत नाही. चार बोटांची मूठ गेली की खिडकी असून नसल्यासारखी होते. आणि क्षयाच्या घरात खिडकी नसणे ही हसण्याची गोष्ट नव्हे. रोग्याच्या खोकल्याबरोबर उडणारे अतिसूक्ष्म कण तासन् तास हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत ते साचत जातात आणि तीच हवा घरातील इतर माणसे रात्रभर हुंगतात. हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात. पेरू देशातील लिमा शहरात, म्हणजे रोग्यांच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या संत मार्टिन दि पोरेस यांच्या शहरात, आठ इस्पितळांत वैद्यकीय संशोधकांनी याचे मोजमाप केले आणि ते २००७ साली प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या उघडल्या असता खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलते असे त्यांना आढळले. यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत हाच आकडा १२ होता. आणि सर्वांत उत्तम ठरल्या त्या जुन्या इमारतींतील उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्या. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या घरांना खिडक्या मोठ्या का, याचे उत्तर यात आले.

तेव्हा मूठ मोडली तर ती त्याच आठवड्यात बदलावी, हे सांगण्यासाठी हा लेख. पण केवळ बदला म्हणून सांगणे पुरेसे नाही, कारण बदललेली मूठ पुन्हा मोडते, आणि दुसऱ्यांदा मोडली की मनुष्य सुतळीकडे वळतो. मूठ मोडते का, हे आधी समजून घ्यावयास हवे.

बहुतेक जण मुठीलाच दोष देतात. हल्लीचा माल हलका आहे, असे म्हणतात. आणि काही अंशी ते खरेही आहे. पितळेसारख्या चकाकणाऱ्या पुष्कळ मुठी आतून जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. वरचा मुलामा फसवतो. ताण पडला की अशी मूठ वाकत नाही, मानेपाशी कट्‌कन तुटते. भरीव पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची मूठ महाग पडते, पण पुष्कळ वर्षे टिकते. हातात घेऊन वजन पाहिले तरी फरक कळतो. हे सारे खरे असले तरी माझा अनुभव असा की, दहांतील आठ वेळा खरा अपराधी दुसराच असतो. झडप मोकळी चालत असेल तर ती ओढावयास दोन बोटे पुरतात. ती चौकटीला घासू लागली की आपण पाय रोवून, सारे अंग मागे टाकून हिसका देतो. तो सारा हिसका दोन इंची स्क्रूंवर आणि मुठीच्या मानेवर येतो. अशा वेळी सोन्याची मूठ बसविली तरी ती निघून हातात येईल.

म्हणून नवी मूठ आणण्यापूर्वी जुनीचे अवशेष काढून ठेवावेत आणि झडप नुसत्या बोटांनी लागते की नाही ते पाहावे. लागत नसेल तर दोन ठिकाणी शोध घ्यावयाचा. पहिले ठिकाण म्हणजे बिजागरी. झडप अर्धवट उघडून मुठीच्या बाजूने तिला हळूच वर उचलावी. ती वर-खाली हलली, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत असे खचित समजावे. मग झडप स्वतःच्या वजनाने झुकते आणि मुठीकडचा खालचा कोपरा चौकटीवर टेकतो. हे दुखणे सर्वांत अधिक आढळते आणि सर्वांत कमी ओळखले जाते, कारण दुखते एकीकडे आणि मूळ असते दुसरीकडे.

सैल स्क्रू नुसता आवळून भागत नाही. भोकच मोठे झालेले असते. स्क्रू काढावा, भोकात सुताराचा पांढरा डिंक घालावा आणि बांबूच्या चोयट्या किंवा गूळ काढलेल्या आगपेटीच्या काड्या ठासून भराव्यात. एक दिवस वाळू द्यावे, वर आलेली टोके पटाशीने सपाट करावीत आणि मग गिरमिटाने स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून स्क्रू फिरवावा. स्क्रूला थोडा साबण किंवा मेण लावले तर तो सुरळीत जातो. वेदीवरच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे आमच्याकडे या कामी येतात. कोणास हवे असल्यास घेऊन जावेत. पितळी स्क्रू वापरावयाचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा आत फिरवून बाहेर काढावा आणि मग त्या वाटेने पितळी घालावा. पितळ मऊ असते. सागवानासारख्या टणक लाकडात ते पहिल्याच फेरीत डोक्याशी तुटते आणि मग उरलेले धूड आत अडकून बसते. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या सुतारमामांनी दाखविली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हल्लीच्या पोरांना ती माहीत नाही, आणि त्यांनी मलाही त्या पोरांतच धरले होते.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द लाकूड. लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, आणि ते फुगते रुंदीत. लांबीत त्याचा फरक जवळपास जाणवत नाही. म्हणून झडपेच्या उभ्या कडा चौकटीत दाटतात. कोठे घासते हे डोळ्यांनी कळत नाही. चौकटीच्या आतल्या कडेला खडू चोळावा, झडप लावून उघडावी. जेथे खडू उमटला तेवढीच जागा घासते. येथे एक मोठी चूक घडते. आषाढात झडप लागत नाही म्हणून चिडून रंधा मारणारे पुष्कळ आहेत. त्या वेळी लाकूड पूर्ण फुगलेले असते. झडप सैल होईपर्यंत तासली की फाल्गुनात तेच लाकूड आकसते आणि बोटभर फट पडते. मग त्या फटीतून धूळ, डास आणि पुढच्या वर्षी पाऊस. पावसात केवळ पेन्सिलीने खूण करून ठेवावी, रंधा दिवाळीनंतर मारावा, आणि तोही हात राखून.

याशिवाय एक गोष्ट, जी रंगारी कधी करीत नाही आणि आपण कधी तपासत नाही. झडपेची वरची आणि खालची कड. ती दिसत नाही म्हणून तिला रंग लागत नाही. परंतु उभ्या पट्ट्यांची कापलेली टोके त्याच कडेला उघडी असतात आणि लाकूड सर्वांत अधिक पाणी त्या टोकांतूनच शोषते. समोरून तीन हात तेलरंग दिलेली झडप या दोन कडांनी मुकाट्याने पाणी पीत राहते. रंगाऱ्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी स्टुलावर चढून वरच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. खालची कड पाहण्यासाठी आरसा धरावा. मी हे सांगितले म्हणून आमच्या गावचे रंगारी माझ्यावर थोडे नाराज आहेत.

झडप दोन बोटांनी लागू लागली की मग मुठीकडे वळावे. हे काम सोपे आहे, पण माप चुकू नये. दोन स्क्रूंच्या भोकांमधील अंतर जुन्या मुठीइतकेच असेल तर जुनी भोके, वर सांगितल्याप्रमाणे भरून, पुन्हा उपयोगी पडतात. आपल्या जुन्या खिडक्यांना आत गज आणि बाहेर उघडणाऱ्या झडपा असतात. गजांतून हात घालून झडप ओढावी लागते. तेव्हा मूठ आणि गज यांच्यामध्ये बोटे मावतील एवढी जागा राहते ना, ते आधी पाहावे. दुकानात सुंदर दिसलेली उंच मूठ गजाला अडते आणि झडप लागतच नाही, किंवा लागते तेव्हा बोटांची सालटी निघतात. स्क्रू शेवटपर्यंत आवळावा, पण लाकूड करकरले की थांबावे.

शाळा, दवाखाने आणि काही घरांतून पोलादी चौकटीच्या खिडक्या आहेत. त्यांची मूठ एका खिळीवर फिरते. ती खिळी झिजली की मूठ आपल्या वजनाने खाली पडते आणि वाऱ्याने झडप उघडते. अशी मूठ दुरुस्त करण्यापेक्षा लोहाराकडून वा वेल्डरकडून नवी बसवून घेणे बरे. मात्र गंज तसाच ठेवून वर रंग फासू नये. तो खरवडून, लाल ऑक्साइडचा हात देऊन मगच रंग द्यावा. नाहीतर चौकटच फुगते आणि काच तडकते.

आता नव्या घरांकडे येतो. आखातात नोकरीस गेलेल्या आपल्या मुलांनी गावी जी घरे बांधली, त्यांत लाकूड क्वचितच दिसते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या किंवा यूपीव्हीसीच्या पांढऱ्या खिडक्या असतात. या खिडक्या मोडत नाहीत, अशी समजूत आहे. सरकत्या खिडकीच्या तळाशी लहान चाके असतात. पन्हाळीत माती साचली किंवा चाक झिजले की खिडकी जड चालते, आपण कुलपाच्या खाचेत बोटे घालून तिला रेटतो आणि कुलूप मोडते. येथेही अपराधी तळाशी आणि शिक्षा मुठीला. पन्हाळ जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने साफ करावी, आणि तिच्या बाहेरच्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठी जी भोके असतात ती काडीने मोकळी करावीत. ती बुजली म्हणजे पावसाचे पाणी आत खोलीत उतरते आणि लोक खिडकीवाल्याला बोल लावतात.

यूपीव्हीसीच्या बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीची मूठ मात्र निराळ्या जातीची. तिच्या पाठीमागे एक चौकोनी दांडी असते. ती खिडकीच्या आत लपलेल्या यंत्रात शिरते आणि मूठ फिरविली की यंत्राचे खुंट वर-खाली सरकून झडप घट्ट धरतात. ही मूठ बदलण्यापूर्वी खिडकी पूर्ण उघडावी आणि उघड्या स्थितीतच मूठ फिरवून पाहावी. उघड्या खिडकीत ती सहज फिरत असेल आणि लावल्यावरच अडत असेल, तर झडप झुकली आहे. बिजागरी जुळवून घ्यावी. उघड्या स्थितीतही फिरत नसेल, तर यंत्र अडले आहे. त्यात शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून पाहावे आणि तरीही अडले तर कारागीर बोलवावा. यंत्र मोकळे असून मूठ नुसतीच गरगर फिरत असेल, तरच दोष मुठीचा. तिच्या बैठकीवरचे झाकण आडवे फिरविले की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढले की मूठ सरळ बाहेर येते. या मुठींत बहुधा दांडी ७ मिलिमीटर चौरस आणि दोन स्क्रूंमधील अंतर ४३ मिलिमीटर असते; त्यामुळे एका कंपनीची मूठ दुसरीच्या खिडकीस पुष्कळदा चालते. फसगत होते ती दांडीच्या लांबीत. बैठकीच्या तळापासून टोकापर्यंत ती मोजावी. आखूड असली तर यंत्रापर्यंत पोहोचत नाही, लांब असली तर बैठक टेकत नाही.

हे मी एवढ्या अधिकाराने लिहीत आहे, कारण या सर्व चुका मी स्वतः केल्या आहेत. आमच्या निवासातील कार्यालयाच्या खिडकीची मूठ पुष्कळ दिवस मोडकी होती. दुसऱ्यांच्या खिडक्यांवर बोलू लागल्यावर लाज वाटून मी बेळगावला कामानिमित्त गेलो असता एक मूठ घेऊन आलो. आठवणीने आणली, ती उजव्या झडपेची निघाली, आमची झडप डावी. दुसऱ्या खेपेस डावी आणली, तिची दांडी आखूड. परत केलेला माल घ्यावयास दुकानदार राजी नव्हता आणि त्याचे म्हणणे वावगे नव्हते. तिसऱ्या खेपेस निघताना आमचे साक्रिस्तान दारात उभे होते. ते म्हणाले, "फादर, नमुना नेत नाही काय? आम्ही तर खिळा आणायलासुद्धा खिळा नेतो." मोडकी मूठ मी कागदात गुंडाळून नेली आणि काम पाच मिनिटांत झाले. पहिल्या दोन मुठी अजून माझ्या खणात आहेत. ज्याच्या खिडकीस बसतील त्याने न्याव्यात.

नव्या खिडक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. कारागीर येतो, पाहतो आणि सांगतो की मूठ मिळत नाही, सबंध खिडकीच बदला. कधी ते खरे असते. पण पुष्कळदा सबंध खिडकीत त्याला मिळकत अधिक असते, एवढेच त्याचे कारण. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा आणि फेका या वृत्तीविषयी जी चिंता व्यक्त केली, ती आपल्या खिडकीपर्यंत येऊन पोहोचली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे जुन्या गोव्यास गेली होती. त्यांनी वाटेत जुनी घरे पाहिली असतील तर शिंपल्यांच्या खिडक्याही पाहिल्या असतील. काच महाग होती त्या काळी समुद्रातील एका चपट्या कालवाचे अर्धपारदर्शक शिंपले कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवीत. त्यातून येणारा प्रकाश दुधासारखा मऊ. परंतु मला त्या खिडकीत आवडते ते दुसरेच. एक शिंपला फुटला तर तेवढाच काढून नवा सरकवता येई. खिडकी पिढ्यान् पिढ्या तीच राही. आता ते कालव वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेले आहे आणि ते योग्यच आहे. गोव्याकडील आपले नातलग खिडकीला अजून 'जनेल' म्हणतात. तो शब्द पोर्तुगिजांचा, आणि आपण ज्याला मराठी समजतो तो 'चावी' हा शब्दही त्यांचाच.

खिडकी सुरळीत उघडू लागली म्हणजे एक नवी काळजी उभी राहते, तिचाही येथे उल्लेख करावयास हवा. माडीवरच्या खिडकीचा कठडा बुटका असेल आणि गज नसतील तर तेथे खाट किंवा ट्रंक ठेवू नये, मूल चढते. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात त्रोवस येथील युतुख नावाचा तरुण खिडकीत बसून संत पौलाचे भाषण ऐकता ऐकता झोपी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही कथा वाचकांना आठवत असेल. संत पौल जवळ होते म्हणून तो वाचला. (लांबलेल्या प्रवचनाची ती कथा आहे, हे मला आमच्या तरुण मंडळींनी एकदा आवर्जून सांगितले.) आणि गज किंवा जाळी असेल तर प्रत्येक मजल्यावर निदान एक जाळी कडी-कुलपाने उघडणारी असावी व तिची चावी जवळच्या खिळ्याला टांगलेली असावी, म्हणजे आगीच्या वेळी घरातली माणसे आत कोंडली जाणार नाहीत.

त्या आजोबांच्या खिडकीचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. पुढच्याच शनिवारी सुतारमामांना घेऊन मी तेथे गेलो. खिळे उपटले तेव्हा असे दिसले की, वरच्या बिजागरीच्या तीन स्क्रूंपैकी एकच जागेवर होता. झडप त्या एका स्क्रूवर लोंबत होती. मूठ कधी मोडली आणि का मोडली, हे सारे तेथे लिहून ठेवल्यासारखे स्पष्ट होते. भोके भरली, दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर स्क्रू बसविले, खालचा कोपरा जरासा तासला, कडांना तेलरंगाचा हात दिला आणि जुन्या मापाची एक पोलादी मूठ लावली. हाताचे काम दोन तासांचे होते. सूनबाईने झडप उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग धाकट्यानेही तसेच केले आणि बराच वेळ करीत राहिला.

आजोबांचे वाऱ्याविषयीचे गाऱ्हाणे मात्र खरे होते. खाट खिडकीशीच ठेवली, पण उशाकडची बाजू फिरविली आणि त्यांना एक लोकरी टोपी दिली. मुलांची पथारी सोप्यात हलविली. आशाताईंनी दोन्ही मुलांची तपासणी करविली व धाकट्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या; अशा घरांतील लहान मुलांना त्या सरकारी दवाखान्यातून विनामूल्य मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आजोबांनी सहा महिने औषध घेतले, मध्ये एकदा कंटाळून सोडलेही, सुनेने रागावून पुन्हा सुरू केले. ते बरे झाले ते औषधाने आणि सुनेच्या रागाने. खिडकीने काही केले असेल तर ते मुलांसाठी.

यंदा घर आशीर्वादित करण्यासाठी गेलो तेव्हा आजोबा सोप्यात बसून काजूच्या बिया निवडीत होते. खोलीत गेलो. खिडकी सताड उघडी. परंतु झडपेला सुतळी बांधलेली! मी सूनबाईकडे पाहिले. ती हसत म्हणाली, "हँडल चांगलं आहे फादर. पण वारा आला की झडप भिंतीवर आपटते, म्हणून बांधली." चूक आमचीच होती. झडप उघडी धरून ठेवणारा जो आकडा खालच्या बाजूस लागतो, तो जुना गंजून गेला होता आणि सुतारमामा व मी दोघेही तो बसवावयास विसरलो होतो. आकडा आणि त्याची कडी आता आणून ठेवली आहे. बुधवारी संध्याकाळी त्या वाड्यात मिस्सा आहे. त्याआधी अर्धा तास लवकर जाऊन तो बसवून टाकू.